जोह्याची आखणीवाली

माझी सासू पावसाशी भांडत असे. शेजारणीशी भांडावं तशी, अंगणात उभी राहून, कमरेवर हात ठेवून. "पड, पड अजून. बघते किती पडतोस ते. मी जायची ती जायचीच." रस्त्यानं जाणारे थांबून बघत आणि मी, घरातली नवी सून, दाराआड तोंड लपवून उभी असे. पाऊस तिचं ऐकत नसे आणि ती पावसाचं ऐकत नसे. आमच्या जोह्यातून निघून रोह्याला गाणं ऐकायला जायचं ते नेमकं आषाढात, नद्या फुगलेल्या असताना, आणि जायचं म्हणजे जायचंच.

छत्रीवर तिचा राग होता. "छत्री घेतली की पावसाला कळतं आपण भ्यालो म्हणून," असं म्हणायची. खताच्या रिकाम्या पिशवीची एक बाजू उसवून केलेली खोळ डोक्यावर, कोरडं लुगडं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काखेत, आणि मागून मी. तिला एकटीला पाठवायला आमचे हे तयार नसत, आणि स्वतः सोबत जायलाही तयार नसत. मग उरली कोण? मी. माझं माहेर पेण शहरातलं. चिखलाची सवय नव्हती आणि गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं मी मनातल्या मनात तिच्या नावानं बोटं मोडतच एसटीत चढले. आज तिच्याविषयी लिहायला बसले तर राग येतो तो तिचा नाही, बाकी सगळ्यांचा येतो. तो मी लपवणार नाही. तिनं कधी लपवला नव्हता.

आमचा गणपतींचा कारखाना. आई, म्हणजे माझी सासू, शाडूच्या मूर्तींचे डोळे आखायची. कारखान्यात माती मळणारे असतात, साच्यातून काढणारे असतात, रंग देणारे असतात, पण डोळे आखणारा हात एखादाच असतो. दोन्ही डोळे एकाच हाताचे हवेत, नाहीतर मूर्ती कुणाकडेच बघत नाही. आईच्या बाजूला दिवसभर रेडिओ चालू असे. मुंबईच्या एका गाणाऱ्या बाईंचा आवाज लागला की ती बाकीचं काम सारून आखणीला बसे. "ही गाते तेव्हा माझा हात हलत नाय," असं तिचं म्हणणं. रागांची नावं तिला पाठ नव्हती आणि पाठ करायचीही नव्हती. "आधी माती मळते, मग हात चालवते," एवढंच ती बाईंच्या गाण्याबद्दल सांगे. समोर बसून ऐकताना कधी कधी पेंगायचीसुद्धा. मी कोपरानं ढोसलं की माझ्यावरच डाफरायची, "झोपले कुठं? डोळे मिटले होते."

या बाईंच्या गुरूंचं मूळ गाव रोह्याच्या पलीकडे. त्यामुळे दर वर्षी गुरुपौर्णिमेच्या मागेपुढे त्या रोह्याला येत आणि तिथल्या एका मंडळातर्फे शाळेच्या हॉलमध्ये गात. परतीच्या गाड्या मिळाव्यात म्हणून मैफल दुपारीच असे. आईला हे कळलं आणि तिचा आषाढ ठरून गेला.

पण नुसतं गाणं ऐकायला ती जात नव्हती. झालं होतं असं की रद्दीच्या पेपरात एकदा तिला बाईंच्या घरच्या गणपतीचा फोटो सापडला. मूर्ती देखणी होती. आईनं फोटो उजेडात नेऊन बघितला आणि तिचं डोकंच फिरलं. "हा बघतोय कुठं गो? एक डोळा दारात, एक चुलीत. एवढी गाणारी बाई रोज ह्याच्यासमोर बसून गाते. ऐकणाऱ्याला नीट डोळे नकोत?" त्या दिवसापासून तिनं मनाशी घेतलं: बाईंचा पाट जोह्याला आला पाहिजे.

आमच्याकडे रीत अशी की ज्याला गणपती हवा तो आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून देतो. त्याच्या पाटावर त्याची मूर्ती बसते. पाट आला म्हणजे तो माणूस आमचा झाला, वर्षानुवर्षं. आणि पाट मागायचा नसतो, तो यावा लागतो. आमचे हे यावरून तिच्याशी वाद घालत. "कारखानदार कधी पाट मागत फिरतो का? हसतील लोक." आई म्हणायची, "हसू देत. तिचा गणपती आंधळा हाय, तुझ्या लाजेनं त्याला दिसायला लागणार नाय."

तेव्हापासून दर आषाढात दोन कामं. बाईंचं गाणं ऐकायचं आणि त्यांना गाठून पाट मागायचा.

पहिल्याच खेपेला नागोठण्याला अंबा नदीचं पाणी स्टँडपर्यंत आलं आणि एसटीच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळे मुकाट बसून राहिले. आई खाली उतरली. मागून एका कंपनीची शिफ्टची बस वेगळ्या वाटेनं वळत होती, तिच्यापुढे ती खोळ घालून उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला, "म्हातारे, मरायचंय काय?" आई म्हणाली, "मरायचं असतं तर घरी मरले असते. रोह्याला सोड." बसमधल्या कामगारांनी हसत हसत आम्हाला जागा दिली. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "वयनी, कोण आजारी हाय काय रोह्याला?" गाणं ऐकायला निघालोय हे सांगायची मला लाज वाटली. आईनं सांगून टाकलं, आणि पुढे कधी नागोठण्याला एसटी अडली की तेच कामगार आम्हाला जागा देत.

दुसऱ्या वर्षी पेणच्या स्टँडवर पेटीमास्तर भेटले. बाईंना पेटीची साथ करणारे हे गृहस्थ पनवेलला राहत. बाई मोटारीनं जात आणि हे आपले एसटीनं, कारण मोटारीत बाईंसोबत त्यांचं सामान आणि दोन शिष्या असत, पेटीला जागा नसे. स्टँडच्या पत्र्यातून धार लागली होती आणि मास्तर कोटानं पेटी झाकायची धडपड करत होते. आईनं डोक्यावरची खोळ काढली आणि पेटीवर घातली. मास्तर संकोचले. "अहो ताई, तुम्ही भिजाल." "माणूस वाळतो, मास्तर. पेटी वाळत नाय." मग रोह्यापर्यंत ती पेटी आमच्या दोघींच्या मांडीवर. पुढे दर वर्षी मास्तर आमची वाट बघून मगच गाडी पकडायचे. गाणाऱ्यांपैकी आईला माणसासारखं वागवणारा हा एवढा एक माणूस.

बाकीच्यांबद्दल काय बोलावं? हॉलमध्ये पोचलो तेव्हा आमच्या लुगड्यांतून पाणी निथळत होतं. आई सरळ पुढे जाऊन बसली. मंडळाचे सेक्रेटरी धावत आले. इस्त्रीचा झब्बा, गळ्यात सोन्याची साखळी. "मावशी, जरा मागे बसा. सतरंजी ओली होतेय." पुढच्या खुर्च्या मोकळ्या होत्या. हाकेच्या अंतरावर राहणारे रोहेकर 'पाऊस फार आहे हो' म्हणत घरी भजी तळत बसले होते, आणि नदी ओलांडून आलेल्या बाईला हा माणूस सतरंजीचं सांगत होता. मी काही बोलणार तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. तिनं सतरंजीची कड दुमडली, उघड्या फरशीवर बसली आणि सेक्रेटरींना म्हणाली, "घ्या. आता फरशी पुसायला सांगा." हलली मात्र नाही.

मैफल झाल्यावर मागच्या खोलीच्या दाराशी हेच सेक्रेटरी. डॉक्टरांच्या मिसेस आत गेल्या, साहेबलोकांच्या मिसेस आत गेल्या, फोटो काढून हसत बाहेर आल्या. आमची वेळ आली की, "बाई दमल्यात, मावशी." आई म्हणायची, "मग एवढं सांगा त्यांना, जोह्याची आखणीवाली पाट मागतेय." ते "हो हो" म्हणत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दार, पुन्हा "बाई दमल्यात," पुन्हा "हो हो." निरोप त्यांनी कधीच दिला नाही. सोपी गोष्ट होती, चार शब्दांचा निरोप. पण ओल्या लुगड्यातल्या बाईचा निरोप कशाला द्यायचा? मास्तरांना सांग ना, असं मी आईला कितीदा म्हटलं. ती ऐकेना. "पाट बाईकडं मागायचा. पेटीवाल्याच्या पाठीवर ओझं कशाला?"

इकडे घरी वेगळीच धुमश्चक्री. आषाढ म्हणजे आमच्या कामाचा कळस. माती सुकत नाही, रंग ओढत नाही, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, आणि डोळे आखणारी बाई चालली रोह्याला. एका वर्षी गाडीची वेळ झाली म्हणून तिनं एका मोठ्या मूर्तीचा एकच डोळा आखला आणि कुंचला धुऊन ठेवला. तेवढ्यात ते गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं. दुसरा डोळा दुसऱ्या कुणाकडून आखून घ्यायची सोय नाही. आमच्या ह्यांनी मूर्तीवर फडकं टाकलं, गिऱ्हाइकाला चहा पाजला, काहीतरी थापा मारल्या. दुसऱ्या दिवशी आई कारखान्यात आली तेव्हा ह्यांनी मूर्तीवरचं फडकं ओढून काढलं. "देवाला काणा ठेवून गेलीस?" आईनं निवांतपणे कुंचला घेतला. "एका डोळ्यानं बघत होता ना वाट? आता दुसऱ्यानं बघंल." आणि दुसरा डोळा असा आखला की ह्यांनी फडकं घडी करून ठेवून दिलं.

हळूहळू माझा राग फिरला. कधी ते सांगता येणार नाही. पण एका वर्षी बाई गात होत्या, पत्र्यावर पाऊस असा आपटत होता की आवाज ऐकू येईना, आणि बाई थांबल्या नाहीत, पावसाच्या वर गेल्या. माझ्या अंगावर काटा आला. शेजारी आई पुटपुटली, "बघ, ही पण भांडते." तेव्हापासून मी सोबत म्हणून गेले नाही. मी माझी म्हणून गेले.

म्हणून तर त्या वर्षीचा घाव मला तिच्याइतकाच बसला.

त्या आषाढात पाऊस नुसता कोसळत होता. भिसे खिंडीत दरड आली म्हणून एसटी महामार्गानं वळवली आणि खांबला येऊन ड्रायव्हरनं हात टेकले. पुढे नेणार नाही म्हणाला. आई उतरली, मी उतरले. एक भाजीचा टेम्पो थांबवला, ओल्या पोत्यांवर बसून वरसे गावापर्यंत आलो, आणि तिथून पुढे पोटऱ्यांएवढ्या पाण्यातून चालत. आईला अलीकडे धाप लागायची. मी म्हटलं, "आई, परत फिरू." ती म्हणाली, "परत फिरायला पण हेच पाणी हाय. मग पुढंच जाऊ."

हॉलचं दार अर्धं लावलेलं. आत काही माणसं, गावोगावच्या भजनी मंडळांतली, धोतरं पिळत बसलेली. आणि कोपऱ्यात, या वर्षी स्टँडवर चुकामूक झालेले पेटीमास्तर, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, पेटी मात्र खोळीत. सेक्रेटरी कुलूप हातात घेऊन उभे.

"कार्यक्रम रद्द आहे, मावशी," ते म्हणाले. "बाई वडखळपर्यंत आल्या होत्या. पाणी बघून मोटार परत फिरवली. सकाळीच फोन आला."

"सकाळी?" मी विचारलं. "मग कळवलं नाहीत?"

"कळवलं ना. ज्यांच्याकडे फोन आहेत त्या सगळ्यांना कळवलं."

मला राहवलं नाही. भर हॉलमध्ये मी त्या माणसाला धारेवर धरलं. "फोनवाले इथून चार पावलांवर राहतात. ते नसतेच आले. जे येणार होते त्यांच्याकडे फोन नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? आणि हे मास्तर? तुमच्या बाईंच्या पेटीवाल्याला तरी कळवायचं होतं." मास्तर खाली मान घालून म्हणाले, "असू दे हो, घाईत राहिलं असेल." त्यांच्या त्या 'असू दे'चा मला सगळ्यात जास्त संताप आला. वडखळ म्हणजे पेणच्या पुढे. म्हणजे आम्ही जिथून चाललो त्याच रस्त्यानं बाई आल्या होत्या, काचा लावून, आणि जे पाणी बघून परत गेल्या त्याच पाण्यातून आम्ही आलो होतो.

आई पुढे जाऊन नेहमीच्या जागी बसली. सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, मला कुलूप लावायचंय." "लावा," आई म्हणाली. "मी गाणं ऐकायला आलेय. वेळ होईपर्यंत बसणार. आतून लावा, नायतर बाहेरून लावा." मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "मास्तर, आज तुम्ही वाजवा." मास्तर घाबरले. "अहो, मी साथीचा माणूस. एकट्यानं कधी वाजवलं नाही." "आम्ही पण एकट्यानं कधी ऐकलं नाय. वाजवा."

मास्तरांनी पेटी उघडली. सुरुवातीला बोटं चाचपडत होती, जणू पुढच्या आवाजाची वाट बघत होती. मग तो आवाज येणार नाही हे त्यांनी मान्य केलं असावं. भजनातल्या एकानं टाळ धरले. सेक्रेटरी दारात उभे होते, ते नंतर खुर्चीवर बसले. बाहेर तोच पाऊस. आई त्या दिवशी पेंगली नाही.

परतीच्या आधी मी आईला न विचारता मास्तरांना पाटाची गोष्ट सांगून टाकली. मास्तर म्हणाले, "इतकी वर्षं? बाईंना तर पत्ताही नाही."

आठवडा झाला असेल नसेल, जोह्याला आमच्या दारात जीप थांबली. आतून सेक्रेटरी उतरले. इस्त्रीचा झब्बा, हातात रेशमी कापडात गुंडाळलेला पाट. मास्तरांनी बाईंना सांगितलं होतं, बाई हळहळल्या होत्या आणि आपल्या घरचा पाट त्यांनी पाठवला होता. आमच्या ह्यांचा आनंद गगनात मावेना. एवढ्या मोठ्या बाईंचा पाट आपल्या कारखान्यात. त्यांनी पुढची फळी रिकामी केली, मला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा ठेवलाच नाही, दारात उभी राहिले. मला आईचा चेहरा बघायचा होता.

आईनं हात धुतले, पदराला पुसले, कापड सोडलं. शिसवी पाट, वर्षानुवर्षं पूजेला बसून गुळगुळीत झालेला. तिनं त्याच्यावरून हात फिरवला, कडेच्या नक्षीवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले होते, हे मी सांगते, कारण तिनं ते कबूल केलं नसतं. मग तिनं जीपकडे बघितलं.

"बाई कुठं हाय?"

सेक्रेटरी हसले. "अहो मावशी, एवढ्या पावसात बाई कशा येतील?"

आईनं पाट पुन्हा कापडावर ठेवला. मग कापडाची एकेक घडी पुन्हा नीट घातली, गाठ मारली आणि पाट त्यांच्या हातात दिला.

"मग पाटाला तरी कशाला भिजवलंस? परत ने."

आमचे हे ओरडले, समजावलं, सेक्रेटरींसमोर हात जोडले. आई तिच्या जागेवर जाऊन बसली आणि कुंचला उचलला. जीप गेली. त्यानंतर कितीतरी दिवस हे तिच्याशी बोलले नाहीत. गावात लोक म्हणाले, म्हातारीला माज आला. मला विचाराल तर माज कुणाला होता हे त्या गावातल्या कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं जिच्यासाठी नद्या ओलांडल्या ती गोष्ट हातात आली होती, आणि तिनं ती परत दिली. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या आषाढात ती पुन्हा खोळ शोधायला लागली तेव्हा मी चक्रावले. म्हटलं, "आता कशाला जायचं त्या बाईकडे?" ती म्हणाली, "राग बाईवर हाय. गाण्यावर कशाला काढू?" आम्ही गेलो. बाई गायल्या, आणि काय गायल्या! मैफल संपल्यावर मागच्या खोलीचं दार या वेळी उघडं होतं, सेक्रेटरी स्वतः म्हणाले, "मावशी, बाई बोलावतायत." आई म्हणाली, "दमल्या असतील," आणि स्टँडकडे चालू लागली.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी ती गेली. आषाढातच, धाप वाढून वाढून. तिला न्यायचं होतं तेव्हाही पाऊस इतका की लाकडं पेटेनात, आणि तरी रोह्याकडून भजनातली माणसं आली होती, कशी आली कोण जाणे. मास्तर आले होते. नागोठण्याच्या कंपनीतले ते कामगार, आता पोक्त झालेले, शिफ्ट सोडून आले होते. सगळे भिजून उभे होते आणि एकानंही पावसाचं नाव काढलं नाही.

तिचे दिवस चालू असतानाच रोह्याहून सेक्रेटरींचा फोन आला, नाक्यावरच्या दुकानात. मला बोलावणं आलं. "बाईंना कळलं," ते म्हणाले. "फार वाईट वाटलं त्यांना. भेटायला येणार म्हणतायत तुमच्या घरी. पाऊस जरा उघडला की येतील."

दुकानाच्या पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. मी पेणच्या शाळेत शिकलेली, अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येतं. पण ते तोंडात येईना.

"उघडल्यावर नका येऊ म्हणावं," मी म्हटलं. "उघडल्यावर काय, कोन पण येतं."

आणि फोन ठेवून दिला.